दर्यावरचा इशारा

वैशाखाचे ऊन तापू लागले म्हणजे, आणि पुन्हा दसरा-दिवाळीच्या सुमारास पाऊस ओसरला म्हणजे, हवामान खात्याच्या पत्रकांत एक ठरावीक वळणाचा मजकूर दिसू लागतो. अरबी समुद्राच्या आग्नेय भागात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होण्याची शक्यता असून ते पुढे तीव्र होण्याचा संभव आहे, सबब मच्छीमारांनी त्या भागात जाऊ नये, असा त्याचा आशय असतो. देशावरच्या वाचकाची दृष्टी या ओळींवरून सहज पुढे जाते. परंतु झाई-बोर्डीपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत, आणि तेथून पुढे गोव्याच्या किनाऱ्याने, ज्यांचे पोट दर्यावर आहे त्यांच्या घरी याच दोन ओळी त्या आठवड्याचा सारा क्रम ठरवून टाकतात. बर्फ आणि डिझेल भरावे की थांबावे, बाहेर गेलेल्या नौकांना परत बोलवावे की आणखी एक दिवस वाट पाहावी, असे प्रश्न नाखव्यापुढे उभे राहतात, आणि त्यांचे उत्तर त्याला अपुऱ्या माहितीवरच द्यावे लागते. पत्रकातील विधान निश्चितीचे नसते, संभवाचे असते. आणि ते कशाच्या आधारे तयार होते, त्यावर किती विसंबावे आणि विसंबून काय करावे, हे समजून घेणे केवळ कोळ्या-खारव्यांच्याच नव्हे, तर किनाऱ्यावर वस्ती करून राहणाऱ्या प्रत्येकाच्या हिताचे आहे.

चक्रीवादळाचे मूळ समुद्राच्या उष्णतेत आहे. पाण्याचे तापमान साडेसव्वीस अंश सेल्सियसच्या वर गेले आणि ती ऊब केवळ पृष्ठभागावर न राहता पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंत पोचली, म्हणजे बाष्पाचा जो अखंड पुरवठा वर जाऊ लागतो तोच वादळाचे इंधन होय. हे बाष्प उंचावर जाऊन निवते आणि त्याचे जलबिंदू होतात, तेव्हा त्यात सुप्त असलेली उष्णता मोकळी होते. त्या उष्णतेने हवा आणखी तापून वर चढते, खालचा दाब कमी होतो, आणि ती पोकळी भरण्यासाठी चोहोंकडून वारे धाव घेतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे हे वारे उत्तर गोलार्धात सरळ केंद्राकडे न जाता उजवीकडे वळतात, आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने भोवऱ्यासारखे फिरू लागतात. विषुववृत्तावर हे वळण देणारे बल शून्य असल्याने, त्याच्या उत्तरेस वा दक्षिणेस सुमारे पाच अंशांच्या आत अशी वादळे सहसा जन्मत नाहीत. मात्र उष्ण पाणी, आर्द्र हवा आणि पृथ्वीचे भ्रमण इतके सारे अनुकूल असूनही, खालच्या आणि वरच्या थरांतील वाऱ्यांच्या वेगांत व दिशांत फार तफावत असेल, तर उभारू पाहणारा तो स्तंभ मध्येच वाकतो आणि विस्कटतो.

अरबी समुद्रातील वादळांचे दोन हंगाम का, याचे उत्तर या शेवटच्या अटीत सापडते. आषाढ-श्रावणात खाली नैर्ऋत्येचे जोरकस वारे वाहत असतात आणि उंचावर पूर्वेकडून वेगवान प्रवाह येत असतो. या विरुद्ध ओढींमुळे भर पावसाळ्यात चक्रीवादळाला डोके वर काढण्यास अवसर मिळत नाही. पावसाळा येण्यापूर्वीचे एप्रिल ते जून आणि तो गेल्यानंतरचे ऑक्टोबर ते डिसेंबर हेच काय ते धोक्याचे महिने. याचा अर्थ पावसाळ्यातला दर्या निर्धोक असतो असा मात्र मुळीच नव्हे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट सहाशेहून अधिक उतारूंसह बुडाली, ती मोसमी वाऱ्याच्या तडाख्यात आणि खवळलेल्या लाटांत. समुद्राचा स्वभाव ओळखून नौका आवरून घेण्याची शिस्त आपल्या किनाऱ्याला नवी नाही; रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात पावसाळ्यापूर्वी आरमाराची छावणी सुरक्षित जागी करावी याविषयी तपशीलवार सूचना आहेत, आणि आजही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. माशांच्या विणीचे रक्षण हा त्या बंदीचा मुख्य हेतू असला, तरी माणसांचे रक्षणही तिच्यामुळे होते.

कमी दाबाचे प्रत्येक क्षेत्र वादळाच्या पदवीस पोचत नाही. त्याच्या वाढीच्या पायऱ्या वाऱ्याच्या वेगावरून ठरविलेल्या आहेत. वारा ताशी ३१ किलोमीटरपर्यंत पोचला की ते क्षेत्र अवदाब ठरते. ५० पासून तो तीव्र अवदाब होतो. ६२ गाठल्यावर त्यास चक्रीवादळ म्हणतात आणि त्याला नाव मिळते. ८९ वर तीव्र, ११८ वर अतितीव्र, १६७ वर त्याहूनही भीषण, आणि २२२ किलोमीटर ओलांडल्यावर महाचक्रीवादळ. हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती अशी की वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी तीस किलोमीटरच्या वाऱ्यापेक्षा साठ किलोमीटरचा वारा छपरावर किंवा शिडावर दुप्पट नव्हे, तर चौपट जोराने आदळतो. म्हणूनच नाव मिळण्याच्या पायरीपर्यंत न पोचलेला अवदाबदेखील लहान नौकेच्या दृष्टीने प्राणघातक ठरू शकतो, आणि अजून वादळ झालेले नाही या समजुतीवर बाहेर राहणे हा धोक्याचा हिशेब होय.

इशारा देण्याची आपल्या देशातील पद्धत एका महासंकटातून उदयास आली. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर आलेल्या चक्रीवादळात हुगळीच्या पाण्याने हजारो माणसे ओढून नेली. दुसऱ्याच वर्षी त्या बंदरासाठी वादळाची खबर देण्याची व्यवस्था सुरू झाली, आणि पुढे दुष्काळांच्या अनुभवाची भर पडून १८७५ साली भारताचे हवामान खाते स्थापन झाले. मुंबईची कुलाबा वेधशाळा तर त्याहूनही जुनी, १८२६ सालची. बंदरांवर संकेत चढविण्याची जी रीत तेव्हा पडली ती आजतागायत चालू आहे. दिवसा शंकू व नळकांडी यांच्या आकृती आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे यांच्या योगे एक ते अकरा क्रमांकांचे संकेत दिले जातात, आणि बंदरातली माणसे त्यांना बावटा म्हणूनच ओळखतात. पहिले दोन बावटे दूरच्या समुद्रातील उपद्रवाची वार्ता देतात. तिसरा आणि चौथा बंदराच्याच परिसरात सावध राहण्यास सांगतात. पाच ते सात हे धोक्याचे, आठ ते दहा हे महाधोक्याचे. आणि अकरावा चढला म्हणजे वेधशाळेशी दळणवळणच तुटले असून हवा बिघडण्याची भीती आहे, असे समजावे. ज्या काळी खलाशाजवळ आकाशवाणीचे यंत्रही नव्हते, त्या काळी या खुणांनी किती प्राण राखले असतील, त्याची गणती कोणत्याही दप्तरात नाही.

आता निरीक्षणाची साधने पार पालटली आहेत. इन्सॅट मालिकेतील उपग्रह अरबी समुद्रावर अहोरात्र नजर ठेवून असतात. ढगांच्या वळणांचा आकार आणि त्यांच्या माथ्याचे तापमान पाहून वाऱ्याचा जोर अनुमानित करण्याची जी पद्धत व्हर्नन द्वोराक या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बसविली, तिचाच मुख्य आधार आजही घेतला जातो. वादळ किनाऱ्याच्या काहीशे किलोमीटरच्या टप्प्यात आले म्हणजे कुलाबा आणि गोवा येथील डॉप्लर रडार त्याचा पाठपुरावा करतात, तर समुद्रातील तरंगते बोये आणि येणारी-जाणारी जहाजे दाब व वारा कळवितात. तरीही वादळाच्या अगदी केंद्राशी दर घटकेस यंत्र लावून ठेवणे शक्य नसते. आरंभीच्या अवस्थेत, केंद्र नेमके कोठे आहे हेच निश्चित झालेले नसताना, त्याची पुढची वाट वर्तविणे फार कठीण जाते; आणि आरंभातला लहानसा फरक गणिताच्या प्रत्येक पायरीबरोबर वाढत जातो. याच कारणाने शास्त्रज्ञ एकच गणित न करता आरंभस्थितीत किंचित फरक करून तेच गणित पुनःपुन्हा करतात, आणि त्यांतील बहुतेक उत्तरे जिकडे झुकतात तिकडे वादळ जाण्याचा संभव अधिक मानतात. नकाशावर वादळाच्या मार्गाभोवती जो रुंदावत जाणारा पट्टा दाखवितात, तो या अनिश्चिततेचा प्रामाणिक निर्देश होय. वादळाचा सारा विस्तार त्या पट्ट्यात मावतो असे नाही. पट्ट्याच्या बाहेरच्या गावीही वारा, पाऊस आणि लाटा पोचू शकतात.

मग पत्रक वाचावे कसे? दिल्लीच्या प्रादेशिक विशेष हवामान केंद्राकडून उत्तर हिंदी महासागरासाठी जो दैनंदिन अंदाज निघतो, त्यात पुढील दिवसांत अवदाब निर्माण होण्याचा संभव श्रेणींनी दिलेला असतो. साधारण एकतृतीयांशापर्यंतच्या संभवास कमी, दोन तृतीयांशांपर्यंतच्या संभवास मध्यम आणि त्यापुढील संभवास अधिक असे म्हटले जाते. कमी म्हणजे शून्य नव्हे. तीनांत एक इतका जरी संभव असला, तरी ज्या नौकेला बंदर गाठावयास दहा तास लागणार आहेत, तिने त्याची दखल घेतलीच पाहिजे. किनाऱ्यालगतच्या सुमारे ७५ किलोमीटरपर्यंतच्या पाण्यासाठी वेगळे पत्रक असते आणि भरसमुद्रासाठी वेगळे. महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्याची जबाबदारी मुंबईच्या चक्रीवादळ इशारा केंद्राकडे आहे. वाऱ्याचा वेग पुष्कळदा नॉटमध्ये सांगतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. दिलेला वेग हा सलग वाहणाऱ्या वाऱ्याचा असतो, आणि झोत त्याहून बरेच जोराचे येतात. समुद्र खवळलेला राहील असे म्हटले, तर लाटा अडीच ते चार मीटर उंचीच्या समजाव्यात. अतिशय खवळलेला असे म्हटले, तर चार ते सहा मीटर. येथेही सावध असावे. कारण लाटेची जी उंची जाहीर होते ती सर्वांत उंच अशा एकतृतीयांश लाटांची सरासरी असते, आणि एखादी एकटी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट उंच उठू शकते. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लाटांचे हे अंदाज स्वतंत्रपणे प्रसृत करीत असते, आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी हवामान खात्याच्या पत्रकाबरोबर तेही पाहण्याची सवय लावून घ्यावी.

संभवाचे रूपांतर संकटात किती त्वरेने होते, याचा दाखला निसर्ग चक्रीवादळाने दिला. ३१ मे २०२० रोजी अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले. दुसऱ्या दिवशी त्याचा अवदाब बनला. २ जूनच्या दुपारी ते चक्रीवादळ झाले, आणि ३ जूनच्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात, ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांनिशी ते किनाऱ्यावर चढले. पहिल्या चाहुलीपासून आघातापर्यंत अवघे तीन-चार दिवस. त्या वेळी साऱ्या देशाचे लक्ष मुंबईकडे लागलेले होते, आणि मुंबई बऱ्याच अंशी वाचली. परंतु श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा, ज्या उभ्या राहण्यास एकेका पिढीचे कष्ट लागतात, त्या काही तासांत भुईसपाट झाल्या. या भेदामागे वाऱ्याच्या रचनेचा नियम आहे. आपल्याकडील वादळात पुढे सरकण्याच्या दिशेच्या उजव्या बाजूस फिरता वारा आणि वादळाची स्वतःची गती यांची बेरीज होते, डाव्या बाजूस वजाबाकी. निसर्ग ईशान्येकडे जात होते. त्याची उजवी बाजू दक्षिणेकडच्या गावांवर पडली, समुद्राचे पाणी आणि वारा यांचा रोख तेथे थेट जमिनीकडे राहिला, आणि उत्तरेकडची मुंबई डाव्या बाजूस आली. वादळाचे केंद्र कोठे जाणार एवढेच विचारून थांबू नये. आपण त्याच्या कोणत्या बाजूस आहोत हेही विचारावे, आणि भरतीची वेळ कोणती हेही पाहावे, कारण वादळाने लोटलेले पाणी उधाणाच्या भरतीवर चढले तर खाडीकाठच्या वस्त्यांना दुहेरी धोका असतो.

आपल्या किनाऱ्यावर न येणारी वादळेही निरुपद्रवी नसतात. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार हे महाचक्रीवादळ कोकणासमोरून ओमानच्या दिशेने वळले आणि समुद्रातच विरले; तरी त्याच्या पावसाने व लाटांनी येथील मासेमारीचा ऐन हंगाम मोडून काढला. त्यापूर्वी २०१७ साली ओखी वादळाने केरळ-तामिळनाडूच्या कित्येक नौका भरकटविल्या, तेव्हा त्यांपैकी अनेक नौकांनी देवगडच्या बंदरात आश्रय घेतला. मे २०२१ मधील तौक्ते तर मुंबईपासून सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावरून गुजरातकडे गेले, आणि तरीही कुलाब्यास वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर पोचले. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात एक निवासी तराफा बुडून सत्तरांहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. नौदलाने आणि तटरक्षक दलाने खवळलेल्या पाण्यातून शेकडो जणांना वर काढले, त्या शौर्याची नोंद कृतज्ञतेने करावी. परंतु इशारा निघणे आणि तो शेवटच्या माणसापर्यंत आज्ञेच्या रूपाने पोचून अंमलात येणे, यांत किती अंतर असू शकते, हेही त्या दुर्घटनेवरून विसरता येत नाही.

या साऱ्याला आता एका नव्या परिस्थितीची जोड मिळाली आहे. बंगालच्या उपसागरात जेवढी वादळे होतात त्यांच्या साधारण एकचतुर्थांश अरबी समुद्रात होतात, असा पूर्वीपासूनचा अनुभव होता, आणि त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर एक प्रकारची निर्धास्तता रुजली होती. परंतु अरबी समुद्राचे पाणी गेल्या काही दशकांत लक्षणीय तापले आहे, आणि त्यातील वादळांची संख्या, तीव्रता व आयुष्य या तिन्ही गोष्टी अलीकडच्या काळात वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले आहे. त्याहून चिंतेची बाब म्हणजे काही वादळे एका दिवसात दोन-दोन पायऱ्या चढतात, आणि अशी झपाट्याने होणारी वाढ आधी ओळखणे हेच आजच्या शास्त्रापुढचे अवघड काम आहे. मार्गाचा अंदाज पुष्कळ सुधारला आहे. चोवीस तास आधी वर्तविलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांतील अंतर सरासरीने शंभर किलोमीटरच्या आत आले आहे. तीव्रतेच्या अंदाजास मात्र अजून तितका भरवसा लाभलेला नाही. म्हणूनच कमी दाबाच्या क्षेत्राच्या अवस्थेतच सावध होण्याचे मोल पूर्वीपेक्षा आज अधिक आहे.

येथे एका अडचणीचा विचार मोकळ्या मनाने केला पाहिजे. किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरवर गेलेली नौका आठ नॉट वेगाने परत निघाली, तर शांत पाण्यातही तिला सुमारे दहा तास लागतात, आणि वारा समोरून असेल तर त्याहून पुष्कळ अधिक. सबब संकट दिसू लागल्यावर निघणे म्हणजे उशिरा निघणेच होय. पण लवकर परत येण्याची किंमत नाखव्याला रोख मोजावी लागते. डिझेल जळालेले असते, बर्फ विरघळत असतो, खलाशांचा वाटा आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. आणि एवढे करून वादळ दुसरीकडे वळले, तर घरी आणि बंदरावर त्याच्या निर्णयावर बोट ठेवणारे भेटतात. असे दोन-तीनदा झाले म्हणजे पुढचा इशारा दुर्लक्षिण्याचा मोह कोणासही होईल. परंतु जे वादळ आले नाही त्याचा इशारा खोटा होता, हा निष्कर्ष मुळातच चुकीचा आहे. तीनांत दोन इतका संभव वर्तविला असताना तीन वेळांपैकी एकदा काहीच घडले नाही, तर त्याने अंदाज खोटा ठरत नाही. उलट तो जसा ठरावा तसाच ठरलेला असतो. वेधशाळेने प्रत्येक वेळी खरे ठरण्याच्या अट्टहासाने निश्चिती होईपर्यंत थांबावयाचे ठरविले, तर तिचा शब्द कधी खोटा पडणार नाही. पण तो नौकेपर्यंत पोचेल तेव्हा परतीची वेळ टळून गेलेली असेल.

म्हणून इशारा देणाऱ्याइतकीच जबाबदारी तो ऐकणाऱ्या समाजावर येते. निश्चिती नसताना माघार घेणारा नाखवा भित्रा नव्हे. आपल्या खलाशांच्या मुलाबाळांचा विचार करणारा तो शहाणा माणूस आहे, आणि बंदरावर त्याचा मान राखला गेला पाहिजे. इशाऱ्यामुळे बुडालेल्या दिवसांचा भार एकट्या त्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही. वादळानंतर मृतांच्या वारसांना साहाय्य देण्याची तजवीज जशी सरकारदरबारी असते, तशी वादळापूर्वी हुकूम मानून परतलेल्यांच्या नुकसानभरपाईची कायम व्यवस्थाही असली पाहिजे. मच्छीमार सहकारी संस्था, बंदर अधिकारी आणि मत्स्यव्यवसाय खाते यांनी मिळून हे मनावर घेतले, तर त्यास लागणारा पैसा बुडालेल्या नौकांच्या आणि उघड्या पडलेल्या संसारांच्या मानाने अल्पच ठरेल. शास्त्राने आपले काम पुष्कळ केले आहे. चार दिवस आधी संभव सांगण्याची शक्ती त्याने आपल्या हाती दिली आहे. त्या चार दिवसांचा उपयोग करता यावा इतकी ऐपत आणि इतका विश्वास किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात निर्माण करणे हे शास्त्राचे नव्हे, आपले काम आहे, आणि ते पुढच्या वैशाखापूर्वी सुरू झाले पाहिजे.